पोट हाय, पाठ न्हाय

गेल्या कार्तिकातली गोष्ट. फलटण-लोणंद रस्त्याच्या कडेला, बाजरी काढून मोकळ्या झालेल्या रानात माणदेशातल्या धनगरांचा वाडा उतरला होता. दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. घोड्यांवरची बिऱ्हाडं खाली आली होती, तीन दगडांच्या चुली पेटल्या होत्या, आणि वाघर लावून कोकरं एका बाजूला कोंडली होती. पुढच्या पंधरवड्यात हा वाडा घाट उतरून कोकणात जाणार होता. मी त्यांच्या वाटांवर लिहायचं म्हणून गेलो होतो. लिहिलं मात्र भलतंच, कारण त्याच दिवशी वाड्यातल्या म्होरक्याचा भाचा मोटारसायकलवरून आला आणि त्याच्या मांडीवर एक कोकरू होतं.

भाच्यानं गावात शेड घातलं होतं. बंदिस्त मेंढीपालन. पत्रा, गव्हाण, नळाचं पाणी, सगळं व्यवस्थित. कोकरू तीन महिन्यांचं, पोट घागरीसारखं, डोळे मात्र बुजरे.

"मामा, खातंय पोटभर, पण वाढंना."

मामानं कोकरू पायांत धरलं. पोटाकडं बघितलंही नाही. कमरेच्या वर, शेवटच्या बरगडीमागं लोकर बाजूला करून अंगठा आणि दोन बोटं दाबली. क्षणभर थांबला, मग तोच हात आपल्या वाड्यातल्या त्याच वयाच्या कोकरावर ठेवला. पुन्हा पहिल्यावर. मग म्हणाला, "पोट हाय, पाठ न्हाय."

माझ्याकडं ताणकाटा होता. भाच्याचं कोकरू साडेदहा किलो भरलं, मामाचं चौदा. एकानं श्रावणापासून सावलीत उभ्या उभ्या खाल्लं होतं, दुसरं आईमागं चालत, काटे-कुसळं तुडवत इथवर आलं होतं. मला वाटलं होतं, वजनं उलटी येतील.

"चारतोस काय ह्येला?"

"कडबा. आन् आता उसाचं वाढं चालू झाल्यात, ती. कुट्टी करून टाकतोय. कमी न्हाय पडू देत."

"कमी न्हाय रं. रिकामं हाय त्ये."

*

भरलेली गव्हाण रिकामी कशी असते, हे समजायला मला पुढचे दोन महिने लागले. पशुवैद्य मित्राचं डोकं खाल्लं, पुस्तकं उलटली. शेवटी जे हाताला लागलं ते असं, की आपण मेंढीला चारतच नाही. आपण तिच्या पोटातल्या दुसऱ्याच कुणाला तरी चारतो, आणि मेंढी त्यांना खाते.

रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटाचे चार कप्पे आपण शाळेत पाठ केलेले असतात. त्यातलं पहिलं आणि सगळ्यांत मोठं कोठीपोट म्हणजे एक आंबवणाचं पिंपच. मोठ्या मेंढीत दहा-पंधरा लिटरचं, कायम ३९ अंशांच्या आसपास उबदार, हवा जवळजवळ नाहीच. त्यातल्या एका मिलिलिटर रसात सुमारे हजार कोटी जिवाणू असतात. शिवाय लाखांच्या हिशेबात आदिजीव आणि थोड्या बुरशा. गवतातला काष्ठमय तंतू मेंढीला स्वतःला पचवता येत नाही, तो हे पचवतात. एवढं बहुतेकांना माहीत असतं. प्रथिनांचं काय होतं, ते मात्र कमी लोकांना ठाऊक असतं, आणि पाठ भरण्याचा सगळा मामला तिथंच अडलेला असतो.

माणसानं डाळ खाल्ली की डाळीतलं प्रथिन सुटून अमिनो आम्लं होतात आणि ती रक्तात जातात. मेंढीनं पेंड खाल्ली तर त्यातलं बरंचसं प्रथिन कोठीपोटातले जिवाणू आधीच फोडतात. नुसतं फोडत नाहीत, पार अमोनियापर्यंत नेतात. मग त्याच अमोनियातून ते स्वतःचं प्रथिन बनवतात, वाढतात, दुणावतात. रसाबरोबर वाहत पुढच्या पोटात गेले की तिथल्या आम्लात मरतात आणि लहान आतड्यात पचतात. मेंढीच्या आतड्यातून जी अमिनो आम्लं शोषली जातात त्यांतली साधारण निम्म्याहून जास्त, कित्येकदा तीन-चतुर्थांश, ही अशी मेलेल्या जिवाणूंची असतात. शुद्ध शाकाहारी म्हणून आपण ज्या मेंढीचा दाखला देतो, ती अशी आतून मांसाहारी निघते.

याचा सर्वांत ठसठशीत पुरावा १९४९ सालचा आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात लूसली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्या-शेळ्यांना असं खाद्य दिलं, की ज्यात प्रथिन जवळजवळ नव्हतंच. नायट्रोजन होता तो फक्त युरियाचा. तरी त्या जनावरांच्या कोठीपोटात दहाही आवश्यक अमिनो आम्लं तयार झालेली सापडली. पुढं फिनलंडच्या आर्तुरी विर्तानेन यांनी, ज्यांना १९४५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल चाऱ्याच्या साठवणीवरच्या कामासाठी मिळालं होतं, अशाच खाद्यावर गाई ठेवून दूध काढून दाखवलं. १९६६ मध्ये ते प्रसिद्ध झालं तेव्हा शेतात टाकायच्या खतापासून दूध, म्हणून त्याची बरीच चर्चा झाली.

मेंढीचं शरीर या बाबतीत कमालीचं चिकट आहे. कोठीपोटात जास्तीचा झालेला अमोनिया रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करतं. आपण तो युरिया लघवीतून टाकून मोकळे होतो. मेंढी तसं करत नाही. खाण्यात नायट्रोजन तोकडा असेल तर ती युरियाचा मोठा हिस्सा लाळेतून आणि कोठीपोटाच्या भिंतीतून परत पोटात सोडते, जिवाणूंना पुन्हा कामाला लावते. दिवसाला आठ-दहा लिटर लाळ गिळणाऱ्या जनावराला हे जमतं. दुष्काळी मुलखातल्या म्हाताऱ्या बाईनं धुतलेलं पाणी आधी भांड्याला, मग झाडाला वापरावं, तसला हा कारभार.

पण उसनवारीलाही सीमा असते. चाऱ्यात क्रूड प्रोटीन साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेलं की जिवाणूंचीच उपासमार सुरू होते. ते कमी झाले की तंतू फुटायला वेळ लागतो, चारा कोठीपोटात रेंगाळतो, पोट फुगलेलं राहतं, आणि पोट फुगलेलं असल्यामुळं जनावर पुढचा घास कमी घेतं. ज्वारीच्या कडब्यात प्रथिन असतं ३ ते ५ टक्के. उसाच्या वाढ्यात पाचच्या आगेमागे. भाच्याच्या कोकराचं पोट घागरीसारखं दिसत होतं ते खाऊन नव्हे, तुंबून. मामानं कुठलंही पुस्तक न वाचता 'रिकामं हाय त्ये' म्हटलं, त्यातला 'त्ये' कोकरू नव्हतं, चारा होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

*

इथं क्रूड प्रोटीन या शब्दाबद्दल थोडं कुरकुरतो. पेंडीच्या पोत्यावर हा आकडा छापलेला असतो आणि शेतकरी त्याच्यावर डोळे झाकून विश्वास टाकतो. प्रत्यक्षात तो प्रथिनांचा आकडा नसतोच. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग मद्यशाळेच्या प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये नायट्रोजन मोजायची एक रीत काढली. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून मिळालेला नायट्रोजन ६.२५ नं गुणायचा, की झालं प्रथिन. आजही मूळ हिशेब तोच. पण ही रीत नायट्रोजन मोजते, तो कुठून आला हे विचारत नाही. पेंडीतला मोजते, युरियातलाही मोजते. २००८ मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात नायट्रोजननं भरलेलं मेलामाइन मिसळून याच आंधळेपणाचा फायदा घेतला गेला आणि लहान मुलांचे जीव गेले.

मोठ्या मेंढीच्या खाद्यात मापात युरिया असणं हा काही गुन्हा नव्हे. जिवाणूंना तो चालतो, मात्र सोबत मळी किंवा धान्यासारखं लवकर आंबणारं काही हवं, नाहीतर अमोनिया नुसता साचतो आणि माप चुकलं तर जनावर तासाभरात आडवं होतं. कोकराचं तसं नाही. त्याचं कोठीपोट अजून पुरतं तयार झालेलं नसतं. पोत्यावरचा आकडा युरियानं फुगवलेला असेल तर मोठ्या मेंढीला त्यातला काही भाग तरी मिळतो, कोकराला मिळतो तो धोका.

*

कोकराची गोष्टच निराळी. जन्मतं तेव्हा ते रवंथ करणारं जनावर नसतंच. कोठीपोट एवढंसं, रिकामं, जिवाणूंविना. दूध चोखताना अन्ननलिकेच्या टोकाशी एक पन्हळ मिटते आणि दूध कोठीपोटाला वळसा घालून थेट चौथ्या, खऱ्या पोटात उतरतं. म्हणजे पहिले काही आठवडे ते तुमच्या-आमच्यासारखं एकपोटी. आईच्या दुधातलं प्रथिन जसंच्या तसं त्याच्या अंगाला लागतं. आणि मेंढीचं दूध म्हणजे काय साधी गोष्ट नव्हे: साडेपाच-सहा टक्के प्रथिन, गाईच्या दुधाच्या जवळपास दीडपट ते पावणेदोनपट.

पहिल्या दिवसाचा चीक तर दुधाहून वेगळाच. मेंढीच्या वारेतून रोगप्रतिकारक प्रथिनं गर्भाला पोचत नाहीत. कोकरू कोऱ्या अंगानं जन्मतं. जन्मल्यावर चोवीस तासच त्याच्या आतड्याला ही मोठी प्रथिनं न फोडता आत घेता येतात. मग ते दार लागतं. वाड्यातली एक आजी मला म्हणाली, "वार पडायची वाट बघायची न्हाय. कोकरू उभं ऱ्हायलं का कास त्वांडात." तिला विचारलं, का? तिनं माझ्याकडं असं बघितलं, की पुढचा प्रश्न मी गिळला.

आणि हा चीक भरपूर यावा यासाठी मेंढी गाभण असतानाच खाणं लागतं. पाच महिन्यांच्या गाभणकाळात गर्भाचं जवळजवळ दोन-तृतीयांश वजन शेवटच्या दीड महिन्यात वाढतं. नेमकी तेव्हाच मेंढी रानात कमी खाते, कारण पोटात जागा नसते. म्हणून त्या दीड महिन्यात तिला मूठभर पेंड मिळणं हे जन्मानंतर कोकराला महिनाभर काही देण्याइतकंच मोलाचं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कोकरू पाल्याला तोंड लावू लागतं. आईच्या तोंडातून, लेंड्यांतून, जमिनीवरून जिवाणू पोटात जातात, बस्तान बसवतात. दोन महिन्यांचं होईतो कोठीपोट पोटाचा सर्वांत मोठा कप्पा बनतं. हे बस्तान नुसत्या दुधावर बसत नाही. आंबणारं काहीतरी, मक्याचा भरडा, कोवळा घास, आत जावं लागतं. या काळात कोकराला फक्त त्याला शिरता येईल अशा फटीतून स्वतंत्र खुराक ठेवतात. आई बाहेर डोकं आपटत राहते.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेच्या कामाकडं या नजरेनं पाहिलं तर ते वेगळंच दिसतं. बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेनं दख्खनी मेंढीत बंगालच्या सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचं फेकबी जनुक आणलं. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. हे जनुक आलं की जुळी येऊ लागतात. संस्थेच्या या वाणाचं नाव सुवर्णा. वर्तमानपत्रांत 'दुप्पट कोकरं' एवढंच छापून येतं. पण दोन कोकरं म्हणजे एका कासेवर दोन तोंडं. जनुकानं अंडी वाढवली, दूध काही त्या प्रमाणात वाढत नाही. जुळ्यांच्या आईला चारायला ज्याच्याकडं आहे त्याच्याकडंच दोन्ही कोकरं जगतात आणि वाढतात. संस्थेनं धनगरांच्या प्रत्यक्ष कळपांतही हे जनुक तपासलं, नुसतं शेडमधल्या लाडक्या मेंढ्यांवर नव्हे. मला त्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं तेच वाटतं.

*

आता हिशेब. १५ किलोचं कोकरू धरू आणि ते रोज १०० ग्रॅम वाढावं अशी इच्छा धरू. ते दिवसाला ६०० ग्रॅमच्या आसपास कोरडा चारा खाईल. त्यात ८०-८५ ग्रॅम क्रूड प्रोटीन हवं, म्हणजे १४ टक्क्यांच्या जवळ. १०० ग्रॅम वाढीत प्रत्यक्ष प्रथिन किती? पंधरा-सोळा ग्रॅम. बाकी बहुतेक पाणी, थोडी चरबी, थोडं हाड.

८० घ्या आणि १५ साठवा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हा चोरीचा व्यवहार वाटला. पण वाटेत टोलनाके फार. काही प्रथिन पचतच नाही. जिवाणूंच्या नायट्रोजनातला पाचवा-चौथा हिस्सा त्यांच्या केंद्रकाम्लांत अडकलेला, मेंढीच्या मांसाला निरुपयोगी. आतड्याचं अस्तर रोज झिजतं, ते भरावं लागतं. आणि सर्वांत मोठं म्हणजे, स्नायू काही एकदा बांधून ठेवलेली भिंत नव्हे. शरीर रोज प्रथिन बांधतं आणि रोज मोडतं. जितकं साठतं त्याच्या अनेक पट बांधलं जातं. वाढ म्हणजे बांधकाम वजा मोडतोड. त्या वाड्यासारखंच: सकाळी उठायचा, संध्याकाळी पुन्हा बसायचा, आणि वर्षाच्या शेवटी चार घोंगडी जास्त झाली तर झाली. या सगळ्या हालचालीला ऊर्जा लागते. म्हणून नुसती पेंड ओतून पाठ भरत नाही. धान्याची ऊर्जा नसेल तर शरीर अमिनो आम्लंच जाळतं, म्हणजे सागवान चुलीत घालण्यातला प्रकार.

पशुवैद्य मित्रानं भाच्याला एका वहीच्या पानावर लिहून दिलं ते असं. कडबा बंद नाही करायचा, २५० ग्रॅमवर आणायचा: त्यातून प्रथिन १० ग्रॅम. लसूणघास हिरवा एक किलो. त्यात ८०० ग्रॅम पाणीच, उरलेल्या २०० ग्रॅमात ३६ ग्रॅम. आणि खुराक २०० ग्रॅम, शंभरात ४५ भाग मक्याचा भरडा, ३० शेंगदाणा पेंड, २२ गव्हाचा कोंडा, ३ खनिज मिश्रण आणि मीठ: ४० ग्रॅम. बेरीज ८६. शेंगदाणा पेंड वास घेऊन घ्यायची, ओल लागून बुरशी आलेली स्वस्त मिळते ती विष असते. आणि खुराक एकदम नाही, दहा दिवसांत मूठ-मूठ वाढवत.

त्या शेवटच्या वाक्याखाली त्यानं दोन रेघा ओढल्या. त्या का, हे मला सांगावं लागलं नाही. आजोळी, खटाव तालुक्यात, मी दहा वर्षांचा असताना सगळ्यांत धष्टपुष्ट कोकराला लाडानं ओंजळी-ओंजळीनं ज्वारी चारली होती. सकाळी ते मान मागं टाकून ताठ पडलेलं. घरात सगळे म्हणाले, दृष्ट लागली. चांगलं होतं तेच गेलं. आंत्रविषार हा रोग नेमका असाच वागतो. आतड्यात आधीपासून असलेले जिवाणू अचानक आलेल्या पिठूळ खाण्यावर माजतात आणि विष सोडतात, म्हणून जास्त खाणारं, दांडगं कोकरूच आधी जातं. लस असते, पावसाळ्याआधी टोचतात. तेव्हा आम्ही काळा दोरा बांधला.

*

मामा कमरेवर हात ठेवतो, पोटाकडं बघत नाही, याला आणखी एक कारण आहे. लोकर खोटं बोलते.

लोकर म्हणजे जवळजवळ निखळ प्रथिन, केराटिन. त्यात गंधकवालं सिस्टिन हे अमिनो आम्ल दहा टक्क्यांच्या वर. खाणं कमी पडलं, वजन उतरू लागलं, तरी मेंढीची लोकर थांबत नाही. मंदावते, पण वाढत राहते. अंग वितळतं आणि त्यातली अमिनो आम्लं कातडीखालच्या मुळांकडं जातात. त्यामुळं सुकलेलं जनावरही लोकरीखाली गुबगुबीत दिसतं. ऑस्ट्रेलियात, जिथं लोकर हेच सोनं, १९६१ मध्ये जेफरीज नावाच्या माणसानं कमरेच्या मणक्यांवर बोटं दाबून मेंढीला गुण देण्याची पद्धत छापली. आज जगभर ती शिकवतात. आमच्या मामाकडं ती बापाकडून आलेली.

त्याच ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना एक कोडं पडलं होतं: चांगलं प्रथिन चारूनही लोकर हवी तितकी वाढेना. १९६३ मध्ये रीस आणि शिंकेल यांनी कोठीपोटाला वगळून थेट चौथ्या पोटात केसीन सोडलं, तर लोकर भरभर वाढली. म्हणजे चांगलं प्रथिन वाटेत जिवाणू मोडून खात होते. मग केसीनवर फॉर्माल्डिहाइडची प्रक्रिया करून त्याला जिवाणूंपासून झाकायची युक्ती निघाली. आज दुभत्या गाईंसाठी बायपास प्रोटीन म्हणून जी पोती मिळतात त्यांचं हे मूळ.

आपल्याकडं दख्खनी मेंढीची काळी, खरबरीत लोकर वर्षाला अर्धा-पाऊण किलो. सनगर तिची घोंगडी विणत, ती पंढरीच्या वाटेवर आणि शेताच्या बांधावर वापरली जात. आता कातरणीची मजुरी लोकरीच्या भावातून निघत नाही, असं वाड्यात सगळेच सांगतात. कोकराच्या अंगातलं जे गंधक स्नायूपेक्षा केसाला जास्त लागतं, ते आज कचऱ्यात जातं. लोकरीला किंमत येवो न येवो, मेंढी ती वाढवायची थांबत नाही.

लोकरीवरून सुबाभूळ आठवतो. उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेनं सत्तरच्या दशकात त्याचा इथं मोठा प्रसार केला. पाल्यात वीस टक्क्यांच्या वर प्रथिन, गरिबाचा लसूणघासच. पण त्यात मिमोसिन असतं, आणि नुसता सुबाभूळ चारला तर मेंढीची लोकर झडते. ऑस्ट्रेलियनांनी तर कात्रीविना लोकर काढायला मिमोसिन वापरून पाहिलं. पुढं तिथल्याच रेमंड जोन्स यांच्या लक्षात आलं की हवाईतल्या शेळ्या सुबाभूळ खाऊनही ठणठणीत राहतात. त्यांच्या कोठीपोटात मिमोसिनचं विष मोडणारे जिवाणू होते. ते ऑस्ट्रेलियात आणून जनावरांच्या पोटात सोडले, आणि काम झालं. त्या जिवाणूला जोन्स यांचं नाव मिळालं. एका मुलखातल्या शेळीच्या पोटातलं विरजण दुसऱ्या मुलखातल्या जनावराला लावलं, एवढीच गोष्ट. आमच्याकडं तिसरा हिस्सा सुबाभूळ, बाकी इतर चारा, या मापात ठेवलं की निभतं.

*

आता पुन्हा वाड्याकडं. शेडमधलं कोकरू मागं आणि चालणारं पुढं, हे कसं?

पावसाळ्यात माणदेशाच्या माळावर कोवळं गवत येतं तेव्हा त्यात दहा-बारा टक्के प्रथिन असतं. श्रावण-भाद्रपदात कोकरं त्यावर वाढतात, आयांना दूध असतं. पुढं गवताला तुरा येतो, बी पडतं, दांडा पिवळा होतो. दसरा-दिवाळीपर्यंत तेच गवत तीन-चार टक्क्यांवर येतं. माळ अजून भरलेला दिसतो, पण त्यातलं काही अंगी लागत नाही. गवत सात टक्क्यांच्या रेघेखाली उतरतं आणि वाडे उठतात, हे साधारण एकाच सुमाराला होतं. स्थलांतराची कारणं अनेक आहेत: पाणी, परंपरा, कुणाच्या रानात मेंढरं बसवायची याचे ठरलेले शब्द. पण हा योगायोग मला नुसता योगायोग वाटत नाही.

वाटेत काय खातात, ते मी तीन दिवस चालून पाहिलं. भुईमूग काढलेल्या रानातला पडलेला पाला, तुरीची खालची पानं, बांधावरचे वेल, कपाशीची हिरवी बोंडं नजर चुकवून, आकडीनं ओढलेल्या बोरी-बाभळीच्या फांद्या. मेंढी निवडून खाते; एकाच ताटव्यातलं कोवळं तेवढं खुडून पुढं जाते. कुट्टी केलेल्या वाढ्यात निवडायला काही उरत नाही. कोकणात उतरल्यावर भातखाचरात ओल असते, त्यावर तण आणि फुटवा. उन्हाळ्यात परत वर आलं की बाभळीच्या शेंगा. "शेंगा म्हंजी आमची पेंड," मामा म्हणाला. त्यात प्रथिन बऱ्यापैकी, शिवाय टॅनिन. टॅनिन जास्त झालं तर पचन अडवतं, पण थोडं असलं की प्रथिनाला कोठीपोटात झाकून पुढं सोडतं. प्रयोगशाळेनं फॉर्माल्डिहाइडनं केलं ते बाभूळ फुकट करते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. चालत्या कळपाचं सगळंच गोड नाही. वाटेतल्या ओल्या चरणीवर जंत मिळतात. त्यातला पोटातला रक्तशोष्या जंत रोज ०.०५ मिलिलिटर रक्त खर्चात पाडतो. हजार जंत म्हणजे ५० मिलिलिटर, म्हणजे सात-आठ ग्रॅम प्रथिन. त्यातलं काही खाली आतड्यात परत मिळतं, सगळं नाही. कोकरू दिवसाला जे पंधरा ग्रॅम साठवू पाहतं, त्याच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबू लागली म्हणजे रक्तातलं प्रथिनही संपत आलं. औषध लागतंच; पण चांगलं प्रथिन मिळणारं कोकरू तोच जंत जास्त सोसतं, हेही प्रयोगांनी दाखवलंय.

आणि एक व्यवहार मला फार आवडला. मेंढी जितका नायट्रोजन खाते त्याचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग लघवी आणि लेंड्यांतून परत टाकते. शेतकरी रात्री आपल्या रानात मेंढरं बसवून घेतो आणि त्याबद्दल धनगराला धान्य देतो किंवा पैसे. कोकराला जे धरून ठेवता आलं नाही, त्याचीच ही विक्री. शेडमध्ये हा माल लेंडीखत म्हणून साचतो खरा, पण लघवीतला अमोनिया उडून जातो. भाच्याच्या शेडात शिरलं की नाकाला झोंबतो तोच.

राज्यात २०१९च्या पशुगणनेनुसार २७ लाखांच्या आसपास मेंढ्या होत्या. चराऊ रानं आटताहेत, वनखात्याच्या हद्दींवर रोजची भांडणं, पोरांना शाळा. भाच्यानं शेड घातलं त्यात चूक काही नाही. सरकारची महामेष योजनाही वीस मेंढ्या आणि एक नर देते. मेंढ्या मिळतात, पत्रा मिळतो. माळावर चालत चालत मेंढी जे निवडून घेत होती, ते गव्हाणीत आता कुणी ठेवायचं, एवढं मात्र पत्र्याबरोबर येत नाही. बांधावर चार सऱ्या घास आणि दशरथघास, कुंपणाला शेवरी आणि सुबाभूळ, एवढं शेडच्या आधी लागायला हवं असं माझं मत आहे. भाच्यानं ते शेडनंतर लावलं.

*

माघात लोणंदच्या बाजारात तो भेटला. तेच कोकरू दोरीला. पोट आत गेलं होतं, पाय उंच झाले होते. घरच्या काट्यावर साडेसतरा भरलंय, म्हणाला. मामाचं काय? "मामा कोकणात. फोन लागत न्हाय."

बाजारात काटा कुणी वापरत नव्हतं. पागोट्यातला एक वयस्कर व्यापारी आला. कोकराच्या तोंडाकडं बघितलं नाही, पोटाकडं तर नाहीच. वाकून लोकर बाजूला केली, शेवटच्या बरगडीमागं अंगठा आणि दोन बोटं ठेवली. भाच्यानं श्वास धरला. बोटं उचलली, जरा मागं सरकवून पुन्हा दाबली. मग व्यापारी सरळ उभा राहिला, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि भाच्याच्या हातावर टाकून त्याखाली आपला हात घातला.